सगळ्या मुली एका टोनमध्ये

रायपूर राजधानी झालं आणि गावाला एकदम आपल्या रंगाची लाज वाटायला लागली. मंत्र्यांच्या गाड्या ज्या रस्त्यानं जाणार, त्या रस्त्यावरच्या भिंतींना पिवळा रंग लागला, नालीवर फरशी आली, फरशीवर कुंड्या आल्या. मागच्या गल्लीत सांडपाणी पूर्वीसारखंच वाहत होतं, पण तिकडे मंत्री जाणार नव्हते. पानटपरीपासून पंक्चरच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी पाटीवर नावाच्या आधी 'राजधानी' लिहून घेतलं. नव्या राज्यात नवी ऑफिसं, नव्या ऑफिसात नवी ओळखपत्रं, ओळखपत्राला फोटो. या फोटोंच्या पुरातच मला नोकरी लागली.

समता कॉलनीत एक डिजिटल कलर लॅब होती. मी बी.कॉम. करून कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे तिथल्या कॉम्प्युटरवर मला बसवलं. काम एकच. लोकांचे चेहरे दुरुस्त करायचे. मुरुम काढायचे, डोळ्यांखालचं काळं काढायचं, कपाळावरची चमक काढायची, आणि शेवटी चेहरा उजळ करायचा. शेवटचं काम कोणी न सांगताच करायचं असे. लॅबवाले भैया मागून जाताना स्क्रीनकडे न बघताही म्हणायचे, "मैडम, थोड़ा और ब्राइट." त्यांचा त्यात काही दोष नव्हता. गिऱ्हाईक काउंटरवर हेच सांगून जायचं.

ब्राइट म्हणजे काय, ते सांगते. फोटो उघडला की सॉफ्टवेअरच्या एका छोट्या खिडकीत उजेड-अंधाराच्या आलेखाचा एक डोंगर दिसतो. डाव्या बाजूला फोटोतला काळा भाग, उजव्या बाजूला पांढरा, मधे आपण सगळे. फोटो मळकट आला असेल, तर डोंगर मधेच बसलेला असतो. त्याला दोन्हीकडून हलकेच ताणायचं, म्हणजे काळं नीट काळं होतं, पांढरं नीट पांढरं होतं, आणि मधला चेहरा जागा होतो. यालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात. काळं म्हणजे भाजीतलं मीठ. ते काढून टाकलं तर भाजी गोड होत नाही, नुसती पांचट होते. पण आमच्या गिऱ्हाइकांना मीठ नकोच होतं. त्यांना डोंगर उचलून सरळ उजव्या भिंतीवर आदळलेला पाहिजे असायचा. तसा आदळला की पहिलं जातं ते नाक. माणसाचं नाक फोटोत त्याच्या बाजूच्या सावलीमुळे दिसतं. सावली उडवली की उरतात दोन डोळे, दोन भुवया आणि एक ओठ, आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा.

आम्ही मूळचे विदर्भातले. बाबा रेल्वेत टीसी, म्हणून आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलो. रायपुरात आमच्यासारखी घरं बरीच, आणि ती घरं आहेत म्हणून आमच्या समाजाचं एक मंडळही होतं. मंडळ वर्षभर झोपलेलं असायचं आणि वधू-वर परिचय पुस्तिका काढायच्या वेळी खडबडून जागं व्हायचं. त्याचे अध्यक्ष एका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांना हाताखाली माणसं नसल्याचा त्रास होत होता. मी लॅबमध्ये आहे हे कळल्यावर ते सुपारी चघळत आमच्या घरी आले आणि आईला म्हणाले, "आपलीच पोट्टी आहे, तर बाहेरच्याले काहून काम द्यावं?" आपलीच पोट्टी म्हणजे फुकट. आईला मात्र त्यात मानच वाटला.

त्या वर्षी अध्यक्षांचं एक धोरण होतं. मागच्या पुस्तिकेत कोणाची मुलगी उजळ आली होती, कोणाची काळी, आणि त्यावरून मंडळाच्या सभेत खुर्च्या उचलण्यापर्यंत मजल गेली होती. एका बाईंनी तर प्रेसवाल्यानं मुद्दाम शाई जास्त लावली असा आरोप केला. म्हणून यंदा अध्यक्षांनी ठरवलं की कोणावर अन्याय नको, सगळ्या मुली एका टोनमध्ये घ्यायच्या. त्यांनी लॅबमध्ये येऊन खिशातून आपल्या सुनेचा फोटो काढला आणि माझ्या की-बोर्डला टेकवून ठेवला.

"हा टोन," ते म्हणाले. "याच्या बरोबरीनं सगळ्या कर."

"काकाजी, प्रत्येकीचा चेहरा वेगळा आहे. सगळ्यांना एवढं उजळलं तर ओळखू येणार नाही."

"ओळखाले नाव लिहिलं आहे न खाली."

अध्यक्ष माझ्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसले. एकेक मुलगी स्क्रीनवर यायची. कोणी हसतानाची, कोणी घाबरलेली, कोणी भावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून आणलेली. जागा वाचावी म्हणून सगळ्यांना गळ्यापर्यंत कापायचं, मागे एकच निळा पडदा टाकायचा आणि डोंगर उजवीकडे ढकलायचा. मागून आवाज यायचा, "आणखी थोडी. अजून. हं, आता सुनेजवळ आली." आवाज असा की जणू ट्रक मागे घेऊन राहिले आहेत.

मुलांचे फोटो आले तेव्हा मी आपली सवयीनं हात चालवायला लागले, तर त्यांनी थांबवलं. मुलांच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही, फक्त कोट घालायचा. मुलाच्या खाली नोकरी लिहिलेली असते, म्हणे, त्याला उजेड कशाला पाहिजे. लॅबमध्ये एका कोटाची फाइल होती, करड्या रंगाचा, टायसकट. तो कोट मी समाजातल्या सगळ्या उपवर मुलांना घातला. कोणाला खांद्यात ढिला, कोणाला गळ्यात घट्ट. पुस्तिका उघडली की वाटावं, ही सगळी पोरं एकाच कोटात पाळीपाळीनं शिरून आली आहेत.

माझा फोटो मी शेवटी उघडला. मी सावळी आहे. आमच्याकडे सावळी हा शब्द पाहुण्यांसमोर वापरायचा, घरात काळीच म्हणतात. तो फोटो मी आदल्या दिवशी एकटी असताना मनासारखा केला होता. डोंगराला थोडा ताण दिला, मधला भाग किंचित उघडला, डोळ्यांत आणि गालाच्या हाडावर उजेड घेतला आणि रंगाला हात लावला नाही. फोटोत मी होते. मला तो आवडला होता, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

"ही कोण?" अध्यक्ष म्हणाले.

"मीच, काकाजी." मी तेव्हा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

"हव, हव. मग हिले पण घे न टोनमध्ये. दुसऱ्यांसाठी एवढं करून राहिली, स्वतःसाठी काहून कंजूसी?"

मी डोंगर ढकलला. माझं नाक गेलं. अध्यक्षांनी समाधानानं सुपारीचा नवा तुकडा तोंडात टाकला.

पुस्तिकेचं प्रकाशन बूढ़ापाऱ्यातल्या एका हॉलमध्ये झालं. भाषणं झाली, नारळ फुटला, आणि पुस्तिका हातात पडताच सगळ्या आया आपापलं पान शोधायला लागल्या. आतली छपाई काळी-पांढरी. मी माझं पान उघडलं. माझ्या नावावर, माझ्या उंचीवर, माझ्या बी.कॉम.वर आणि आमच्या घरच्या फोन नंबरवर दुसरीच मुलगी होती. आणि शेजारच्या चौकटीत, बीरगांवच्या एका मुलीच्या नावावर मी. प्रेसवाल्यानं दोन फोटोंची अदलाबदल केली होती. प्रूफ अध्यक्षांनी घरी नेऊन सहकुटुंब तपासलं होतं. त्यांच्याही काही लक्षात आलं नाही, आणि ते साहजिकच होतं. त्यांच्या धोरणाला एवढं यश येईल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नसेल.

मी मान वर केली, तर दोन खुर्च्या सोडून एक मुलगी पुस्तिकेवरून माझ्याकडेच बघत होती. पुस्तिकेतली तीच. तिचे वडील बीरगांवला राहायचे, कारखान्यात कामाला. तिचं नाक मुळातच इतकं धारदार की मी ओतलेल्या एवढ्या उजेडातूनही ते वाचलं होतं. ती सरकत माझ्या शेजारी आली. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीच.

"दीदी, मेरे नाम पे ये आप ही हो न?"

"हो. आणि माझ्या नावावर तू."

ती तोंडावर पुस्तिका धरून हसायला लागली. "अच्छा है दीदी. मुझे तो अभी पढ़ना है. अब जो आएगा, आपके घर आएगा."

मी उठून अध्यक्षांना सांगणार होते. खरंच उठलेही होते. तेवढ्यात आई दुसऱ्या बायकांच्या घोळक्यातून पुस्तिका उघडी धरूनच आली. चेहऱ्यावर असा आनंद की मी तो बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "पाहा वो, किती छान आली," ती शेजारणीला म्हणाली आणि माझ्या नावावरच्या त्या मुलीवर बोट ठेवलं. शेजारीण म्हणाली, "अवो, अगदी तुमच्यावर गेली आहे." आई लाजली. मी परत खाली बसले.

तेव्हाच मी ठरवलं की आपण काही सांगायचं नाही. माझ्या घरात मला कोण ओळखतं ते बघायचं. लग्नबिग्न ठीक आहे, होईल नाहीतर राहील, पण ज्या घरात मी जन्मापासून जेवते आहे, त्या घरात माझ्या तोंडाच्या जागी दुसरं तोंड ठेवलं तर कोणाच्या लक्षात येतं की नाही, हे मला कळायलाच पाहिजे होतं. दुसरं काही मला त्या दिवसांत नको होतं.

बाबांवर माझा भरवसा होता. टीसीची सगळी नोकरी तोंड वाचण्याची. दुसऱ्याच्या पासवर प्रवास करणारा माणूस ते फोटोकडे एकदा आणि चेहऱ्याकडे एकदा बघून पकडायचे आणि घरी येऊन जेवताना त्याच्या कथा सांगायचे. त्यांनी चष्मा पुसून घातला, पुस्तिका दिव्याखाली धरली, माझं पान निरखलं आणि म्हणाले, "उंची दीड इंच जास्त लिहिली का?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पुढे ते बराच वेळ मुलांची पानं चाळत होते आणि कोण कोण रेल्वेत आहे ते मोठ्यानं वाचत होते.

आईनं पुस्तिका शोकेसमध्ये काचेला लावून, माझं पान उघडं करून ठेवली. कोणी आलं की ती आधी पाणी द्यायची आणि मग पान दाखवायची. मी समोर उभी असायची. आलेली बाई फोटोकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "फोटो चांगला येते बाई हिचा." एकीनं मला लॅबचा पत्ता विचारून घेतला. मी शोकेससमोर उभी राहून केस विंचरायची, मुद्दाम, म्हणजे दोन्ही तोंडं शेजारी यावीत. आई म्हणायची, सरक, पुस्तकावर केस पडून राहिले.

काही दिवसांनी बीरगांवची मुलगी कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो काढायला लॅबवर आली. मी तिला बसवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, घरी कोणाच्या लक्षात आलं का?

"पापा ने तो देखते ही बोला, ये किसकी बेटी है रे?" ती म्हणाली. "उसी दिन. बहुत गुस्सा हुए. मंडल जा रहे थे, मैंने ही रोका, बोली परीक्षा तक रहने दो."

मी तिचा फोटो काढला, उघडला आणि काहीही उजळ न करता तिच्या हातात दिला. भैया मागून म्हणाले, थोड़ा ब्राइट कर देते. मी म्हटलं, हिला गरज नाही. मला त्या मुलीचा राग आला नाही. तिच्या बापाचा मात्र मला इतका हेवा वाटला की त्या दिवशी मी डबा न खाता तसाच परत आणला.

फोन सुरू झाले. गोंदियाच्या एका घरानं तर पत्रिकेआधीच बघायला यायची तारीख मागितली. मुलगा वीज खात्यात होता. येणार होते तो मुलगा, त्याची आई आणि मामा. आईनं पडदे धुतले, माझ्या चेहऱ्याला हळद-दूध लावलं आणि दोन दिवस मला उन्हात स्कूटी चालवू दिली नाही. जणू दोन दिवसांत डोंगर उजवीकडे सरकणार होता.

पाहुणे आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले, ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. मुलगा बघता क्षणीच ओळखीचा वाटला, कारण त्याला मीच कोट घातला होता. तोही पुस्तिकेतल्यापेक्षा वेगळा होता. माझ्यापेक्षा काळा आणि बऱ्यापैकी प्रसन्न. त्याच्या आईनं पर्समधून पुस्तिका काढली, आमचं पान उघडलं आणि ब्लाउजपीस साडीला लावून बघतात तशी माझ्या दिशेनं धरली. एकदा तिकडे, एकदा इकडे. मामा पोहे खाता खाता थांबले. बाबा छताच्या पंख्याकडे बघत होते.

"फोटोत जरा वेगळी वाटते जी," मुलाची आई म्हणाली.

"लाइटचा फरक आहे," आई म्हणाली.

"तसं नाही. नाक वेगळं वाटते." शेवटी माझं नाक एका माणसाला दिसलं, आणि ते गोंदियाहून यावं लागलं. "हा फोटो हिचाच आहे न?"

मी आईकडे बघितलं. मनात म्हटलं, आता तरी ती पुस्तिका हातात घेईल, नीट बघेल. आईनं पुस्तिकेकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, सरळ माझ्या डोळ्यांत, आणि तसंच बघत म्हणाली, "हिचाच आहे जी. मी स्वतः घेऊन गेलो होतो न फोटो काढाले."

चहाचं निमित्त करून मी उठले. आई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. गॅसवर चहा उकळत होता. मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, "आई, तो फोटो माझा नाही. माझा शेजारच्या चौकटीत आहे."

आईनं कपबशा मांडायला घेतल्या.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"हॉलमध्येच दिसलं होतं. आईले आपलं लेकरू ओळखू येत नाही काय?" तिनं एका बशीवरचा पाण्याचा डाग पदरानं पुसला. "पण म्हटलं, चांगला फोटो आलाच आहे नावावर, तर राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक घरापर्यंत तरी येतील. आल्यावर तुले पाहतील, तुझ्याशी बोलतील. फोटो पाहूनच वळून जाते लोक, ते तुले काय माहीत? फोन मी उचलतो."

इतके दिवस मी एकच राग जपून ठेवला होता, की माझी आई मला ओळखत नाही. त्यासाठी बोलायची सगळी वाक्यं मी पाठ करून ठेवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. तिनं मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि ओळखूनच बाजूला ठेवलं होतं, आणि तेही माझ्याच काळजीनं. यावर काय चिडायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

आईनं चहा गाळला, ट्रे माझ्या हातात दिला, माझ्या कपाळावरचा केस मागे सारला आणि हळूच म्हणाली, "आणि हे पाह्य, जास्त हसू नको. फोटोतली हसत नाही आहे."

मी ट्रे घेऊन बाहेर गेले आणि प्रत्येकाच्या हातात कप देताना सगळे दात दाखवून हसले. मुलाच्या आईकडे बघून हसले, मामांकडे बघून हसले, पंख्याकडे बघणाऱ्या बाबांकडे बघूनही हसले. मुलगा पण थोडा हसला, त्याच्या आईनं कोपर मारल्यावर थांबला.

गोंदियाहून पुढे काही निरोप आला नाही. आई त्याचा दोष बरेच दिवस माझ्या हसण्याला देत होती.